तार रोज नवी असती

मामांचं खरं नाव मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. पुढे एकदा कुणीतरी सांगितलं, तेव्हा ते दुसऱ्याच माणसाचं असावं असं वाटलं. म्हणून इथंही लिहीत नाही. पाटोद्यापासून कडा गावापर्यंतच्या रस्त्यावर त्यांना सगळे बांबूवाले मामा म्हणत, आणि ते त्यांना चालत असे.

ते मूळचे उमापूरकडचे. आमच्या भागात ते फक्त कडब्याच्या दिवसांत दिसत. ज्वारी काढून झाली, कणसं मोडली, कडबा बांधायला लागला की एक दिवस त्यांचा जुना हिरवा ट्रक वस्तीच्या वळणावर दिसायचा. आधी ट्रक दिसत नसे, बांबू दिसायचा. ट्रकच्या कडेला आडवा बांधलेला, ट्रकपेक्षाही लांब, पुढून हातभर बाहेर आलेला. ट्रकच्या मागे लोक शेर लिहितात, देवाची नावं लिहितात. मामांच्या ट्रकच्या फाळक्यावर लिहिलेलं होतं, ‘गाडी हळू आहे. तुमची मर्जी.’

ते कडबा वाहत. आमच्याकडच्या शेतांतून भरायचा आणि कड्याकडच्या म्हशीवाल्यांच्या गोठ्यांवर नेऊन टाकायचा. हे काम बरेच जण करतात. पण मामांसारखं करताना मी कुणाला पाहिलं नाही.

त्या बांबूचं काम असं होतं. गाडी पूर्ण भरली की मामा बांबू गाडीशेजारी उभा करायचे आणि कडब्याचा सगळ्यात वरचा थर जिथे येईल तिथे बांबूला लाल चिंधी बांधायचे. मग निघायचे. वाटेत रस्त्यावरून विजेची तार आडवी गेली असेल तर तिच्या अलीकडे गाडी थांबवायची, बांबू सोडायचा, आणि तारेपासून चार पावलं लांब, रस्त्याच्या कडेला तो कुणाच्या तरी हातात उभा द्यायचा. स्वतः मागे जाऊन उकिडवं बसायचं, एक डोळा मिटायचा आणि चिंधी व तार यांच्यात किती जागा आहे ते बघायचं. हातभर जागा असली तर गाडी पुढे, नाहीतर नाही.

आमच्या वस्तीपासून कड्यापर्यंत अशा सात तारा होत्या. मामा त्या प्रत्येक तारेखालून शेकडो वेळा गेले असतील. तरी प्रत्येक खेपेला सातही ठिकाणी थांबत. मागे मोटारसायकली, जीप, दुसरे कडब्याचे ट्रक खोळंबायचे. हॉर्न वाजायचे.

“ओ मामा, तारंचं लगीन लावताय का? अक्षता आणू का?”

“आणा की. पर धरायला कोण येतंय आधी? या, धरा बांबू.”

म्हणजे जो ओरडायचा त्याच्याच हातात बांबू यायचा. मामा एकटेच असत. ट्रकवर त्यांनी कधी माणूस ठेवला नाही. म्हणत, “रस्ता भरून मानसं हायेत, अजून कशाला ठिवू?” त्या बांबूला शाळेच्या मास्तरांनी धरलं, मेंढपाळांनी धरलं, एकदा वरातीतल्या नवरदेवानं धरलं. एकदा निवडणुकीच्या दिवसांत एक पुढारी पांढऱ्या गाडीतून उतरून रागारागानं पुढे आले. मामांनी शांतपणे बांबू त्यांच्यापुढे केला.

“साहेब, जरा धरा.”

“मी?”

“तुमचा हात लई वर पोचतो म्हनत्यात.”

पुढाऱ्यांची मागची माणसं आधी हसली, मग साहेबांकडे बघून गप्प झाली. पण साहेबांनी बांबू धरला. ही गोष्ट मी पाहिलेली नाही, माझ्या आईनं पाहिली आहे. ती मामांच्या केबिनमध्ये बसून चालली होती तेव्हा.

लोक विचारायचे, “मामा, कालच तर गेलते की हितून. तार काय रातीत खाली आली का?”

मामा म्हणायचे, “तार रोज नवी असती.”

दुसरी गोष्ट विडी-काडीची. मामांच्या सीटखाली एक स्टीलचा डबा होता. गाडी भरायला सुरुवात करायच्या आधी ते डबा घेऊन सगळ्यांपुढून फिरायचे, देवळात आरतीचं ताट फिरवतात तसे. ज्याच्या खिशात काडेपेटी, लायटर, विडी असेल त्यानं ते डब्यात टाकायचं. शेतमालक असो की मजूर. “कडबा म्हंजे बसलेली आग हाय,” ते म्हणत. “फकस्त उठवायची न्हाई.” गाडी भरून झाली की ज्याचं त्याला परत द्यायचे. कधी अदलाबदल झाली नाही. कुणाची काडेपेटी कोणती हे त्यांना कसं कळायचं, मला अजून कोडं आहे.

आणि पेंढी. वाटेत कडब्याची एक पेंढी जरी पडली तरी मामा गाडी बाजूला घेऊन मागे चालत जायचे आणि ती उचलून आणायचे. एकदा आम्ही अर्धा किलोमीटर पुढे आलो होतो. आई म्हणाली, “दादा, जाऊ द्या की. एका पेंडीनं काय होतंय?”

“आपलं काय होत न्हाई, माय. मागून एखादा पोरगा मोटारसायकलवर येईल. वाळल्या कडब्यावर चाक काय ऱ्हातं का? रस्ता आपल्या बापाचा न्हाई.”

ते गेले आणि घामाघूम होऊन पेंढी खांद्यावर घेऊन आले.

माझी आणि मामांची ओळख आईमुळे. आई कडबा बांधायला आणि थर लावायला जाते. पहाटेचं दहिवर असेपर्यंत कडबा बांधावा लागतो, ऊन चढलं की पाला चुरगळून हातात येतो. आईच्या हातचा थर मामांना फार आवडायचा. “तुज्या थरातून पानी बी खाली यायचं न्हाई,” ते म्हणत.

आमच्या वस्तीतले बहुतेक लोक दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. आमच्या घरचेही जायचे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मी अकरावीला गेले त्या वर्षी आई पहिल्यांदा मागे राहिली. वडील एकटे गेले, म्हणजे अर्धा कोयता गेला. त्यावरून घरात बरंच बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं, की दोन वर्षं आई थांबेल, मी बारावी विज्ञान पास झाले तर पुढे शिकेन. नाही झाले तर पुढच्या हंगामाच्या आत माझं लग्न होईल आणि एक पुरा कोयता तयार होईल. यात कुणी दुष्ट नव्हतं. आमच्याकडे असंच असतं. वस्तीतल्या माझ्या दोन मैत्रिणी तेव्हा कारखान्यावरच होत्या, नवऱ्यांबरोबर.

मामांना हे माहीत होतं. त्यांनी मला कधी ‘अभ्यास कर’ म्हटलं नाही. पण मला ते पुस्तकाबद्दल अशा गोष्टी विचारायचे की मला घाम फुटायचा. मी आधीच फार बोलत नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही. अकरावीत असताना एकदा आई आणि मी त्यांच्याबरोबर कड्याला चाललो होतो. मामा म्हणाले, “एक सांग पोरी. तार दुपारी खाली येती. सकाळी वर असती. मी हे धा वर्सं बघतोय. कुनाला सांगितलं तर हसत्यात. तुज्या पुस्तकात लिवलंय का असं काई?”

मी दोन दिवस घेतले. मग पुस्तक घेऊनच गेले आणि उष्णतेनं धातू प्रसरण पावतो तो भाग त्यांना वाचून दाखवला. त्यात दोन खांबांमधल्या तारेचं उदाहरणही होतं, उन्हाळ्यात तार सैल पडते असं. मामांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं.

“फिरून वाच.”

मी पुन्हा वाचलं.

“म्हंजे मी येडा न्हाई,” ते म्हणाले. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की माझ्या दप्तरात असलेली वस्तू कुणाच्या तरी उपयोगाची आहे.

त्या दिवसापासून तारेखाली बांबू धरायला मी असले तर दुसऱ्या कुणाला बोलवायचे नाहीत.

आता भौतिकशास्त्राच्या पेपरचा दिवस. हे लिहिताना मला अजून थोडं अवघडल्यासारखं होतं.

परीक्षेचं केंद्र कड्याला होतं. पेपर अकराला, पण साडेदहाला आत जायचं. शेजारचा दादा मोटारसायकलवर सोडणार होता. सकाळी बघितलं तर मागचं चाक पंक्चर. पंक्चर काढणारा पाटोद्याला. आई पलीकडच्या शेतात मामांची गाडी भरत होती. मी पळत तिथे गेले. मामा म्हणाले, “आमी निघतोच हाय. चल माज्यासंगं. पोचतीस.”

गाडी भरत आली होती. मला काही सुचत नव्हतं, मी मनात सूत्रं म्हणत होते. मामांनी बांबू गाडीला लावला आणि चिंधी माझ्या हातात दिली. “बांध तू. मी दोर बघतो.” ते दोर आवळायला गाडीच्या पलीकडच्या अंगाला गेले. मी वर बघितलं, वरच्या थराच्या रेषेत चिंधी बांधली, दोन गाठी मारल्या. तेवढ्यात बांधावरून शेतमालकीण ओरडली की एवढ्या पेंढ्या राहिल्यात, त्याही घ्या. आईनं वर आणखी एक थर लावला आणि मग मामांनी दोर आवळला; चिंधी त्याआधीच बांधून झाली हे त्यांना पलीकडून दिसलं नव्हतं. मी ते डोळ्यांनी बघितलं. पण डोक्यात सूत्रं होती, आणि चिंधी बांधून झाली होती.

आम्ही निघालो. आई मागेच राहिली, तिला दुसरं शेत होतं. पहिली तार, दुसरी, तिसरी. मी प्रत्येक ठिकाणी खाली उतरून बांबू धरला, मामांनी डोळा मिटला, “चल,” म्हणाले. त्या तारा उंच होत्या, निभावलं.

तिसऱ्या तारेनंतर रस्ता वळतो आणि सकाळचं ऊन उजवीकडून येतं. डाव्या हाताच्या रिकाम्या वावरातून आमच्या गाडीची सावली आमच्याबरोबर पळत होती. मी सहज बघत होते. सावलीच्या अगदी वरच्या काठावर पेंढ्यांची टोकं उभी दिसत होती, तुऱ्यासारखी. आणि मला आई दिसली. शेवटची पेंढी हातात घेऊन वर उभी असलेली. माझी चिंधी बांधून झाल्यावर.

मी सूत्रं म्हणायची थांबले.

पुढची तार चौथी. मामांनी सगळ्या तारांना नावं दिली होती. चौथीचं नाव सासू. दोन खांबांमध्ये ती झोळीसारखी खाली आलेली असायची. “हिच्यापुढं नेहमी वाकून जावं लागतं,” ते म्हणत. तिच्याखाली बरोबर हातभर जागा असायची, त्याहून जास्त कधीच नाही. आणि आईचा एक थर हातभराहून उंच असतो.

मी मनगटातलं घड्याळ बघितलं. पावणेदहा होऊन गेले होते. सांगितलं तर मामा पुढे जाणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. दुसरा रस्ता लांबून होता, तिकडून गेलं तर पेपर बुडाला. नाही सांगितलं तर? कदाचित जागा असेल. सकाळची वेळ आहे, तार वर असेल. माझ्याच पुस्तकात तसं लिहिलं होतं. मी स्वतःला तेच सांगत राहिले. एक वळण गेलं. दुसरं गेलं.

सासू आली. मामांनी गाडी थांबवली, बांबू माझ्या हातात दिला, मागे जाऊन बसले, डोळा मिटला.

“हाय हातभर. चल, येळ होतोय तुला.”

ते उठून केबिनकडे निघाले. मी बांबू धरून तिथेच उभी राहिले.

“चल की!”

“मामा,” मी म्हणाले. “चिंधी चुकीची आहे.”

“काय?”

“मी बांधल्यावर आईनं वर अजून थर लावला.”

ते परत आले. बांबू घेतला, गाडीशेजारी उभा केला. चिंधी वरच्या थरापासून हातभरापेक्षाही खाली होती. त्यांनी चिंधीकडे बघितलं, तारेकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी रडत होते. मला वाटलं आता ते ओरडणार. खरं तर ओरडले असते तर बरं झालं असतं.

“कितीला आत घेत्यात?”

“साडेदहा. फार तर अकराच्या आत.”

ते चाकावर पाय देऊन वर चढले आणि दोर सोडायला लागले.

इथे एक सांगायला हवं. भरलेली गाडी वाटेत सोडणं, म्हणजे दोर सोडून कडबा उतरवणं, ही आमच्याकडे फार कमीपणाची गोष्ट आहे. थर ढासळला, भरणाऱ्याला भरता आलं नाही, असा त्याचा अर्थ होतो. मामा अभिमानानं म्हणायचे, “आजवर बांधलेली गाडी मी गोठ्याशिवाय सोडली न्हाई.” आणि नेमकं तेव्हाच मागून दुसरा कडब्याचा ट्रक येऊन थांबला. त्याचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून हसायला लागला.

“आरं बाबो! मामाची गाडी सुटली! बांबूनं दगा दिला का बे?”

“बांबूनं न्हाई,” मामा वरून म्हणाले. “गाडी मी भरली. माजंच चुकलं.”

आणि पेंढ्या खाली टाकायला लागले. मी त्या उचलून रस्त्याच्या कडेला, बांधाला लावत गेले. एकही डांबरावर राहू दिली नाही. एक म्हातारी दोन म्हशी घेऊन येत होती. ती थांबून बघायला लागली.

“कावून टाकताव ओ एवढा चांगला कडबा?”

“घ्या मावशी, न्या. आज सासूचं हळदीकुंकू हाय.”

पूर्ण थर उतरवला. दोर पुन्हा आवळला. बांबू पुन्हा लावला, आणि चिंधी पुन्हा माझ्याच हातात दिली. “गाठ नीट मार,” एवढंच म्हणाले. मग पुन्हा सासूखाली बांबू, पुन्हा एक डोळा. पाचव्या, सहाव्या, सातव्या तारेलाही थांबले. मला वाटलं होतं आज तरी नाही थांबणार. थांबले. पण मधल्या रस्त्यावर त्यांनी गाडी अशी चालवली की फाळक्यावरचं वाक्य त्या दिवसापुरतं खोटं ठरलं.

केबिनमध्ये मी एकदा म्हणाले, “मामा, मी आधीच सांगायला हवं होतं. तिसऱ्या तारेनंतरच आठवलं होतं मला.”

“म्हाईत हाय. तोंड बघितलं मी तुजं.”

“मग तुम्ही विचारलं का नाही?”

त्यांनी गिअर बदलला. “मला वाटलं पेपरचं भ्या आसंल,” ते म्हणाले. मग म्हणाले, “बोललीस न्हवं? तारंच्या आधी बोललीस. मग झालं की.”

केंद्राच्या फाटकावर मी पोचले तेव्हा दहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. केसांत, ओढणीत, सगळीकडे कडब्याचा पाला. फाटकावरचा शिपाई माझ्याकडे बघत राहिला. मामा गाडीतूनच ओरडले, “जाऊ द्या तिला, साहेब! कडब्यातनं आली, पर कॉपी न्हाई तिच्यात!”

मला तो पेपर फार चांगला गेला नाही, पण गेला. उन्हाळ्यात निकाल लागला. आज मी बीडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. धाकट्या बहिणीची नववी चालू आहे आणि तिच्याबद्दल घरात अर्ध्या कोयत्याचं बोलणं झालेलं नाही.

त्या संध्याकाळी आईनं विचारलं होतं, “दादा, म्हशीवाल्याचा फोन आलता, वरचा थरच नव्हता म्हनला. माजा थर पडला का काय?” तिचा चेहरा उतरलेला होता. मामा म्हणाले, “तुजा थर पडंल का? सासूनं मागून घेतला.” त्याहून जास्त त्यांनी कुणालाही काही सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. आईला चूक कुणाची होती हे कळलंच नाही, आणि मी त्याचा उल्लेख टाळत राहिले.

मागच्या वर्षी मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशन झालं, पण एक दिवस लांबची तार नीट दिसेना. त्याच दिवशी त्यांनी गाडी चालवणं सोडलं असं ऐकलं. ट्रक त्यांनी एका तरुण ड्रायव्हरला दिला. आता ते उमापूरला लेकीकडे असतात. मी दिवाळीत भेटायला गेले होते. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, “काय म्हनतंय पुस्तक?” मला आभार मानायचे होते. पाठ करून गेले होते. पण ते बोलायचं राहूनच गेलं, आम्ही म्हशींबद्दल बोललो.

या फेब्रुवारीत सुट्टीला घरी आले. सकाळी आईला भाकरी द्यायला शेतात गेले तर तोच हिरवा ट्रक उभा. फाळक्यावर तेच वाक्य. तरुण ड्रायव्हर डबा फिरवून आला होता, विड्या गोळा करून. आई वर उभी होती. त्यानं बांबू गाडीला लावला, चिंधी हातात घेतली, आणि बांधायच्या आधी वर तोंड करून मोठ्यानं ओरडला, “वर आनखी काई चढायचंय का?”

मी थांबले. मामा असं कधी विचारत नसत.

“असं कशाला विचारता?” मी म्हणाले.

“आता मामाचा नेम हाय हा, ताई. गाडी देताना बांबू दिला अन् नेम दिला. म्हनले, इचारल्याबिगर चिंधी बांधायची न्हाई. एका शिकल्याल्या पोरीनं घालून दिल्याला नेम हाय म्हनं.”

माझ्या हातात भाकरीचं गाठोडं होतं. ते मी बांधावर ठेवलं.

“द्या,” मी म्हणाले. “मी बांधते.” त्यानं जरा नवलानं चिंधी माझ्या हातात दिली. मी वर बघितलं.

“आई, त्या पेपरच्या दिवशी तुझा थर पडला नव्हता. मामांनी उतरवला होता. तू तो लावायच्या आधीच मी चिंधी बांधली होती. माझी चूक होती.”

आईनं हातातली पेंढी थरावर टेकवली. वाऱ्यानं तिच्या पदरावरचा पाला उडत होता.

“आन् दोन वर्सं मी माज्या हाताला बोल लावतेय व्हय गं?” ती म्हणाली. मग हसली. “बांध आता.”

“वर आणखी काही चढायचंय का?”

“न्हाई.”

“नक्की?”

“न्हाई म्हनले की! किती येळा इचारशील?”

मग मी चिंधी बांधली.